काचघरातली ठेंगणी

४ मार्च
बीजपेढी, तळमजला

प्रिय वहिनी,

फोन करणार होते, पण फोनवर आपण दोघी एकदम बोलतो आणि मग दोघींनाही काही कळत नाही. शिवाय तुमच्या बागेतला फोन कारकून उचलतो, म्हणजे बातमी आधी सगळ्या बागेला आणि मग तुला. म्हणून पत्र.

ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. मला तुझी मदत हवी आहे. हीच मदत तू याआधी दोनदा देऊ केली होतीस आणि दोन्ही वेळा मी नाक वर करून नको म्हटलं होतं.

ठेंगणी आठवते का तुला? मला नोकरी लागली त्या वर्षी मी तुमच्याकडे राहायला आले होते. तुमच्या गावच्या नदीला धरणाची भिंत बांधली त्याच्या आदल्या वर्षीचा उन्हाळा. रोज सकाळी वाळूत गुडघे टेकून मी त्या बोटभर झाडाच्या शेंगा वेचायचे आणि तुझ्या गच्चीवर वर्तमानपत्रावर वाळत घालायचे. दादा म्हणायचा, हिला गवत वेचायचा पगार मिळतो. पुढे भिंत झाली, काठ पाण्याखाली गेला आणि ठेंगणी जगात कुठेच उरली नाही. उरलं ते माझ्या थंड खोलीतलं एक पाकीट.

पेढी बघायला येणाऱ्या शाळेच्या मुलांना मी नेहमी सांगते, की वाळवून गोठवलेलं बी झोपलेलं असतं, मेलेलं नसतं. ते खरंच आहे. पण झोपेतसुद्धा म्हातारपण येतं, हे मी त्यांना सांगत नाही. अधूनमधून थोड्या बिया बाहेर काढून ओल्या कागदावर ठेवायच्या आणि किती रुजतात ते बघायचं, ही आमची उगवण चाचणी. पहिल्या चाचणीत ठेंगणीची बशी नुसती हिरवीगार झाली होती. या वेळी चार-दोन कोंब आले, तेही आजारी माणसासारखे फिकट. आणखी चाचण्या घेत बसले तर पाकीट चाचण्यांतच संपेल. आता या बिया मातीत पेरून, झाडं वाढवून, त्यांच्या नव्या बिया धरायला हव्यात. ते काम पेढीत होत नाही, त्याला बागच लागते. आणि माझ्यासाठी बाग म्हणजे तू.

पुढच्या वर्षी मी निवृत्त होते आहे. माझ्या हातांनी आलेलं पहिलंच पाकीट माझ्याच हातात मेलं, तर मला ते सहन होणार नाही. इतकं स्पष्ट मी इथे कोणाजवळ बोललेले नाही.

तुझी नणंद


९ मार्च
वनस्पती उद्यान, काचघर

प्रिय वन्सं,

(वन्सं म्हटलेलं तुला आवडत नाही, म्हणूनच.)

अखेर तिजोरीचं दार उघडलं म्हणायचं. मागच्या वेळी मी बिया मागितल्या तेव्हा तू म्हणाली होतीस, "वहिनी, बागेत उंदीर असतात, गोगलगायी असतात, माणसं असतात." तिन्ही अजून आहेत. तरी पाठव.

बी डब्यात ठेवलं की जपलं गेलं, असं तुझ्या लोकांना वाटतं आणि मातीत लावलं की जगलं, असं माझ्या लोकांना. दोघंही अर्धेच शहाणे. मी इथे एकेक झाड तळहाताच्या फोडासारखं जपलं, तरी एक बुरशी आली की तिसऱ्या दिवशी ओळच्या ओळ आडवी होते. तेव्हा फुशारकी मारत नाही. पण काचघराचा पूर्वेकडचा कोपरा तुझ्या ठेंगणीला देते. सकाळचं ऊन, खाली गरम नळ, वरून माझी नजर. माती भट्टीत भाजून घेईन, म्हणजे दुसरं काही उगवायला नको.

एक अट आहे. सगळ्या बिया पाठवू नकोस. निम्म्या पाठव, निम्म्या तिकडे राहू देत. माझा माझ्यावर विश्वास आहे, पण जगाची शेवटची वस्तू हातात घेऊन मला झोप लागणार नाही.

स्वच्छतेची काळजी करू नकोस. आमच्या मुख्य माळ्याला तू ओळखतेसच, चिमटा. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवावं लागत असेल. खुरपं त्याला अडाण्याचं हत्यार वाटतं, तो कुंडीतलं तण चिमट्याने उपटतो. तणाला दोन पानं फुटली की संपलं, तिसरं फुटायची टाप नाही. आणि हे सगळं मी सकाळी कामावर यायच्या आत. इतकी वर्षं मी काचघर सांभाळते आहे, पण माझ्या काचघरातलं तण दिसतं कसं हे मला माहीत नाही. सर्वांत स्वच्छ काचघराची ढाल दरवर्षी आमच्याकडे येते ती त्याच्या जिवावर आणि मी समितीपुढे मान ताठ करून उभी राहते तीही त्याच्याच. सध्या लेकीच्या लग्नासाठी रजेवर आहे, त्यामुळे बाकीचे माळी त्याच्या धाकाने तण तेवढं काढतात आणि जरा पाय पसरून बसलेत.

तुझा भाऊ म्हणतो, गवत वेचायचा पगार अजून मिळतो का ते विचार.

वहिनी


१६ मार्च
बीजपेढी

प्रिय वहिनी,

सोबत पाकीट आहे. ठरल्याप्रमाणे निम्म्या.

कृपा करून हे वाच आणि हसू नकोस. पाकीट उघडायच्या आधी एक दिवस तसंच बाहेर राहू दे, थंडीतून एकदम उबेत आणलं की बी तडकतं. बी वाळूच्या वर ठेव, आत दाबू नकोस, ठेंगणीला उजेड लागतो. पाणी झारीने घालू नकोस, ट्रे खालून भिजू दे. नदीचं पाणी ओसरलं की ओल्या वाळूत ती यायची, एवढं लक्षात ठेवलंस की बाकी तुझं तुला सुचेल. ट्रेवर नाव लिहू नकोस, नुसता आकडा घाल. दुर्मिळ म्हटलं की बघायला गर्दी होते आणि गर्दी शिंकते.

आणि काचघरातल्या प्रत्येकाला सांग, की त्या ट्रेला कोणी हात लावायचा नाही.

रोपं मातीत कशी दिसतात ते मला विचारू नकोस. मी मोठी झाडं बघितली ती वाळूत आणि कोंब बघितले ते कागदावर. मधलं तिचं बालपण मी बघितलेलंच नाही. ते तू बघ आणि मला लिही.

तुझी नणंद


२ एप्रिल
काचघर

प्रिय वन्सं,

उंटावरून शेळ्या हाकणं कोणी तुझ्याकडून शिकावं. पण शेळ्या नीट चालल्या आहेत, ते ऐक.

सोमवारपर्यंत ट्रे नुसता वाळूचा. मंगळवारीही काही नाही. तुझा भाऊ रोज संध्याकाळी विचारतो, "आली का?", जणू पाहुणी स्टेशनवर यायची आहे. काल सकाळी मी भिंग घेऊन वाकले आणि वाळूत हिरवे ठिपके. आज मोजता येतील असे, पण मी मोजणार नाही, नजर लागते. फिकट नाहीत, वन्सं, चांगले तजेलदार आहेत. दोन गोल पानं, जमिनीला चिकटून. उंच व्हायची घाई नाही. तू नाव अगदी बरोबर ठेवलंस.

सगळ्या माळ्यांना एका ओळीत उभं करून बजावलं आहे. ट्रेला हात लावला तर हात ठेवून घेईन, असं म्हणाले. हसले मेले, पण समजले.

मला खरंच फार आनंद झाला आहे. इथे काम करून आता जुनं झाल्यासारखं वाटत होतं, तसं काल वाटलं नाही.

वहिनी


६ एप्रिल
बीजपेढी

प्रिय वहिनी,

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि मग थंड खोलीत गेले, कारण तिथे चष्म्यावर वाफ धरली तर कोणी कारण विचारत नाही.

आता फक्त बुरशी. खिडकी थोडी उघडी ठेव. बाकी मी काही सांगत नाही, तू माझ्यापेक्षा जास्त जाणतेस. (हे वाक्य जपून ठेव, पुन्हा मिळणार नाही.)

तुझी नणंद


१५ एप्रिल
काचघर

प्रिय,

फोन उचलायची हिंमत नाही म्हणून लिहिते आहे. ठेंगणी गेली. बुरशीने नाही, उंदराने नाही. आम्हीच काढून टाकली.

चिमटा काल रजेवरून परत आला. मी माळ्यांना बजावलं तेव्हा तो नव्हता, आणि तो आल्यावर त्याला सांगायचं हे कोणाच्याच डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही. मी यायच्या आत त्याने नेहमीप्रमाणे फेरी मारली. मी आले तेव्हा ट्रे पुसून काढल्यासारखा स्वच्छ होता. एकही रोप नाही. वाळू पुन्हा सपाट करून ठेवलेली. उपटलेली रोपं नळाशेजारच्या बादलीत होती, पार वाळून गेलेली. तरी मी दोन-तीन परत लावून बघितली. दुपारपर्यंत त्यांचा नुसता धागा झाला.

मी त्याच्यावर इतकी ओरडले की बाहेरची माणसं आत आली. तो बापडा घाबरून गेला. म्हणाला, "बाई, तुमचं बी अजून उगवायचं होतं आणि त्याच्या आधी तणच माजलं होतं. म्हटलं, तुमच्या बियाला जागा करून द्यावी." मी म्हटलं, "तण? ते तण होतं होय रे?" तर म्हणतो, "नेहमीचंच आहे बाई. रोज काढतो." वर मलाच समजावतो! लेकीच्या लग्नाचे लाडू डब्यात आणले होते माझ्यासाठी. तो डबा तसाच टेबलावर आहे. मला त्याच्याकडे बघवत नाही, डब्याकडेही आणि माणसाकडेही.

चूक त्याची नाही, माझी आहे. एवढंच बरं की निम्म्या बिया तुझ्याकडे आहेत. तेवढ्यावरच मी आज उभी आहे. पुन्हा माझ्यावर विश्वास टाकायचा की नाही ते तू ठरव. नाही म्हणालीस तर मला राग येणार नाही.

वहिनी


१७ एप्रिल
बीजपेढी

वहिनी,

आधी वाईट सांगते. निम्म्या बिया माझ्याकडे नाहीत. मी सगळ्या पाठवल्या होत्या. इथे ठेवून त्या आणखी म्हाताऱ्याच झाल्या असत्या, आणि कमी बियांत तुझी तेवढी रोपंही आली नसती. तुला झोप लागावी म्हणून निम्म्या म्हटलं. हे पेढीच्या नियमात बसत नाही आणि आमच्या साहेबांना अजून माहीत नाही. थंड खोलीत ठेंगणीचं पाकीट आहे, पण ते रिकामं आहे.

तुझं पत्र वाचलं आणि मी खुर्चीत तशीच बसून राहिले. चहा आला, गार झाला, परत गेला. मग पुन्हा वाचलं. आणि वहिनी, तूही तुझं पत्र पुन्हा वाच. म्हणजे चिमटा काय म्हणाला ते वाच.

तू माती भाजून घेतली होतीस. त्या ट्रेमध्ये माझ्या बियांखेरीज दुसरं काही उगवणं शक्य नव्हतं. त्याने उपटली ती ठेंगणीच होती, यात शंका नाही. आणि ती बघून तो म्हणाला, नेहमीचंच आहे, रोज काढतो.

रोज काढतो. कुठून काढतो, वहिनी?

तुमच्या बागेत आत्ता फोन केला होता. कारकुनाला एवढंच सांगितलं, की आजपासून काचघरात कोणी काहीही उपटायचं नाही. कारण सांगितलं नाही, कारण मला माझ्याच तोंडून ते मोठ्याने ऐकायची भीती वाटते. तू चिमट्याला हाताला धरून घेऊन जा आणि त्याला दाखवायला सांग. आणि आधी त्याचा लाडू खा.

तुझी नणंद


२४ एप्रिल
काचघर

प्रिय वन्सं,

लाडू खाल्ला. दोन खाल्ले. एक त्याच्यासमोर आणि एक त्याची माफी मागून झाल्यावर.

तू माझ्याशी खोटं बोललीस ते मी बाजूला ठेवते. निवृत्त झालीस की त्यावर सावकाश भांडू.

आता ऐक. त्याला म्हटलं, तू ते रोजचं तण कुठून काढतोस ते दाखव. तो मला नेच्यांच्या कुंड्यांकडे घेऊन गेला. तिथे काहीच नव्हतं, कारण तुझा फोन आला त्या दिवशी सकाळीच त्याने काढलं होतं. मग तो खाली वाकला आणि बाकांच्या खाली बोट दाखवलं. तिथे खडी आहे, वरच्या कुंड्यांचं पाणी ठिबकत राहतं, आणि भिंतीकडच्या कोपऱ्यात त्याचा हात पोचत नाही. मी वयाला न शोभेल अशी पोटावर आडवी झाले. दोन गोल पानं, जमिनीला चिकटून. एक नाही, पुष्कळ.

त्याला विचारलं, कधीपासून येतं हे? तो म्हणाला, "मी लागलो तेव्हापासून बाई. फार चिवट. मुळासकट काढलं तरी पुढच्या आठवड्यात हजर." मग माझ्या डोक्यात उजेड पडला. धरणाची भिंत व्हायच्या आधी या काचघराची वाळू नदीवरूनच यायची. गाड्यांनी यायची, मी स्वतः बघितलं आहे. त्या वाळूतून तुझी ठेंगणी इथे आली आणि आम्ही तिला रोज उपटत असतानाही आमच्या नाकाखाली बिया टाकत राहिली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हा असा.

आणि ज्या बाकावर बसून तू दर वेळी चहा पितेस ना, त्याच्या खालीच सगळ्यात जास्त आहे.

पूर्वेकडचा सगळा भाग दोरी बांधून बंद केला आहे. चिमट्याला तिथे पाठवत नाही. तसा तो हुकूम पाळतो, पण हाताला सवय असते. तिथून जाताना दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून जातो.

वहिनी


२९ एप्रिल
बीजपेढी

प्रिय वहिनी,

मी आता तुझ्या आनंदात पाणी घालणार आहे. माझा धंदाच तो आहे.

दोन गोल पानं असलेली रोपं जगात ढिगाने आहेत. चिमट्याची नजर मी मानते, पण तेवढ्यावर मला "सापडली" असं लिहिता येणार नाही. ठेंगणीची खात्रीची खूण फुलात असते. पाच पाकळ्यांपैकी एक आत दुमडलेली असते. ती दिसेपर्यंत मी कोणाला काही सांगणार नाही, तूही सांगू नकोस.

जर ती तीच निघाली, तर ते माझ्या पाकिटापेक्षा मोठं आहे. माझ्या बिया मी एका उन्हाळ्यात वाळूच्या एका पट्ट्यावरून वेचल्या होत्या. तुझी रोपं तेव्हापासून पिढ्यान् पिढ्या जगत, मरत, पुन्हा येत राहिली आहेत. गोठवलेली वस्तू जशी होती तशीच राहते, जगणारी वस्तू काहीतरी शिकते. मला दोन्ही हव्या आहेत.

आता दुसरं. साहेबांना रिकामं पाकीट सापडलं. वार्षिक तपासणी होती, मी लपवलंही नसतं. लेखी खुलासा मागितला आहे. मी लिहिलं, की बिया पेरल्या आहेत आणि निकाल पावसाळ्याच्या तोंडाशी कळेल. ते म्हणाले, हा खुलासा नाही, हे हवामानाचं भाकीत आहे. त्यांचं तसं चूक नाही.

तुमच्या ढालीची समिती जूनच्या सुरुवातीला येते ना? ठेंगणी तोपर्यंत फुलणार नाही. बाकाखालून बाहेर येऊन वाटेवर पसरणारं तण घेऊन तू समितीपुढे उभी राहावीस, अशी माझी अपेक्षा नाही. कुंडीत हलवता आलं तर हलव. नाहीतर काढून टाक, कोपऱ्यातलं राहू दे. मी तुला दोष देणार नाही.

तुझी नणंद


६ जून
काचघर

प्रिय वन्सं,

तू दोष देणार नाहीस हे मला माहीत होतं. तेच तर वाईट. दोष देणारी असतीस तर मी सरळ काढून टाकलं असतं.

एक रोप कुंडीत हलवून बघितलं. तिचं मूळ केसासारखं बारीक आणि खडीत खोलवर गेलेलं. संध्याकाळपर्यंत मेलं. दुसऱ्याला हात लावला नाही. आणि महिनाभर न उपटल्यावर ती अशी काही सुटली, की कोपऱ्यातून वाटेवर, वाटेवरून दाराच्या उंबऱ्यापर्यंत. जोडीला तिच्यासारखीच बाकीची रिकामटेकडी मंडळीही आली. आम्हाला त्यांतली कोण ठेंगणी आणि कोण नाही ते कळेना, म्हणून सगळ्यांनाच राहू दिलं.

काल समिती आली. तिघंजण. अध्यक्षबाईंनी दारातच चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "हे काय?" मी म्हटलं, "तण आहे." त्या म्हणाल्या, "ते मलाही दिसतंय. का आहे?" मी म्हटलं, "मी राहू दिलं म्हणून आहे. कारण फुलं आल्यावर सांगेन." त्या वाट बघत राहिल्या. मी आणखी काही बोलले नाही. तुला शब्द दिला होता.

ढाल गेली. शेऱ्यात लिहिलं आहे, "काचघराची देखभाल खालावली आहे." माझ्या नावासमोर असं पूर्वी कोणी लिहिलेलं नाही. घरी आल्यावर मी रडले. तुझ्या भावाने विचारलं, "ती ठेंगणी नसलीच तर?" मी म्हटलं, "नसली तर नसली. पण असती आणि मी उपटली असती तर?"  उठून त्याने चहा केला. त्याच्या आयुष्यातला हा दुसरा किंवा तिसरा चहा असेल आणि बराच बरा होता.

भिंतीवर ढालीची जागा रिकामी दिसते. चिमट्याने तिथे खिळ्याला झारी टांगली आहे.

वहिनी


१९ जून
काचघर

ये.

एक पाकळी आत दुमडलेली आहे. मी बघितली, तुझ्या भावाने बघितली, चिमट्याने भिंगातून बघितली. चिमटा म्हणाला, "बाई, हिला फूल येतं हे मला माहीतच नव्हतं. येऊच दिलं नाही ना कधी."

ये लवकर.

वहिनी


१ जुलै
बीजपेढी

प्रिय वहिनी,

सुखरूप पोचले.

तुझ्यासमोर मी जास्त बोलले नाही, कारण बोलले असते तर रडले असते, आणि चिमटा आधीच बिचकलेला होता. आता लिहिते. मी गेली तीसेक वर्षं लोकांना सांगत आले, की ठेंगणी जगातून गेली आणि मी तिची शेवटची राखणदार आहे. मला त्याचं दुःख होतं आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही होता. दर वर्षी तुझ्याकडे यायचे, त्या बाकावर बसायचे, आणि चहा पिता पिता तुला हेच दुःख सांगायचे. ती माझ्या चपलेखाली सगळं ऐकत होती. मला लाज वाटत नाही, हसू येतं. आणि इतकं हलकं मला नोकरीत कधीच वाटलं नव्हतं.

चिमट्याने त्याच्या चिमट्याने वेचून दिलेल्या बिया (ठेंगणीची शेंग आठवड्याभरात पिकते) आज वाळवायच्या खोलीत गेल्या. निम्म्या. या वेळी खरोखर निम्म्या. बाकीच्या तुझ्याकडेच राहतील, थोड्या पेरायला, थोड्या धरणाच्या भिंतीच्या खालच्या अंगाला जो वाळूचा पट्टा पुन्हा साठला आहे तिथे टाकून बघायला. पाकिटावर बिया वेचणाऱ्याचं नाव लिहावं लागतं. मी त्याचं खरं नाव लिहिलं आहे, तू विचारून कळवलेलं.

साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी माझा जुना खुलासा पुन्हा काढून वाचला. मग म्हणाले, "नियम मोडला तो मोडला. खुलासा नीट लिहून द्या." मी म्हटलं, तो फुलला आहे, जाऊन बघा. त्यांना ते आवडलं नाही असं दिसलं.

तुझी नणंद


९ जुलै
काचघर

प्रिय वन्सं,

काल कोण आलं होतं ते ओळख. न सांगता, न कळवता, कडक इस्त्री आणि चकचकीत बूट. तुझे साहेब.

म्हणाले, एका बैठकीसाठी या बाजूला आलो होतो. इथे कोणाचीही कसलीही बैठक नव्हती, मी चौकशी केली. तुझा खुलासा घडी घालून खिशात होता आणि ते सारखे खिशावर हात ठेवत होते. मी त्यांना आत नेलं. दोरी वर उचलून वाट करून दिली. वाटेत मी त्यांना कुंड्या, गरम नळ, नदीवरून आलेल्या वाळूची गोष्ट, सगळं सांगत होते. ते मान डोलावत होते, पण डोळे वर, बाकांवर, जिथे नावाची मोठी पाटी लावलेलं मोठं झाड असायला हवं तिथे. कोपऱ्यापर्यंत गेलो. मी थांबले, तेही थांबले. चिमटा मागे हात बांधून उभा होता.

साहेब म्हणाले, "हे सगळं ठीक आहे बाई. पण ती आहे कुठे? जगात एकच जागा राहिलेली वनस्पती, मला निदान नीट बघू तरी द्या."

मी काही म्हणायच्या आत चिमटा पुढे आला. अगदी अदबीने म्हणाला, "साहेब, पाय उचला."

साहेबांनी खाली बघितलं. उजवा पाय उचलला. बुटाखाली तीन-चार जणी चपट्या झाल्या होत्या, त्यांतल्या एकीला फूल होतं. आम्ही तिघंही बघत राहिलो. थोड्या वेळाने एक पान हलकेच वर आलं, मग दुसरं. फूल जरा वाकडं राहिलं, पण पाकळी दुमडलेली दिसत होती.  साहेबांनी पाय खाली ठेवण्यासाठी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, मागे वळून वाटेवर बघितलं. सगळीकडे दोन दोन गोल पानं. एका हाताने बाक धरून, एका पायावर तोल सांभाळत तुझे साहेब मला विचारतात, "बाई, आता हा पाय ठेवू कुठे?"

तुझी वहिनी